वाळवंटीकरणावरची आंतरराष्ट्रीय संशोधन भागीदारी: सह्या होण्याआधी काय ठरवायचे

प्रश्न थोडक्यात असा: शुष्क प्रदेशात काम करणाऱ्या एका संशोधन संस्थेला दोन-तीन परदेशी विद्यापीठांबरोबर वाळवंटीकरण आणि तिथली गरिबी या विषयावर भागीदारी उभी करायची आहे. सामंजस्य कराराचा मसुदा तयार आहे, निधीसाठी प्रस्ताव मागवले जायला तीन-चार महिने उरले आहेत. सुरुवात कुठून करावी?

मसुदा बाजूला ठेवा आणि आधी पावसाचा हिशोब करा. समजा, तुमच्या भागात वर्षाला सरासरी ३५० मिमी पाऊस पडतो आणि त्याचा विचलन गुणांक, म्हणजे वर्षावर्षांतला चढउतार सरासरीच्या तुलनेत किती, ३५ टक्के आहे. शुष्क भागासाठी हे नेहमीचेच आकडे. म्हणजे प्रमाण विचलन (तोच चढउतार मिलिमीटरमध्ये) झाले सुमारे १२२ मिमी. कोणतीही तीन वर्षे उचलली तर त्यांची सरासरी दीर्घकालीन सरासरीपासून ७० मिमी, म्हणजे २० टक्के, इकडेतिकडे असणे हा निव्वळ योगायोगाचा भाग ठरतो. दहा वर्षे घेतली की हाच फरक ३९ मिमीवर, ११ टक्क्यांवर येतो. आता तीन वर्षांच्या प्रकल्पात दगडी बांधांमुळे धान्याचे उत्पादन १५ टक्के वाढल्याचे दिसले, तर श्रेय बांधाला द्यायचे की पावसाला? शेजारी तुलनेचे क्षेत्र ठेवले तरी पेच पूर्ण सुटत नाही. मध्यम पावसाच्या वर्षी बांध उत्तम काम करतो, कडक दुष्काळात अडवायला पाणीच नसते आणि अतिवृष्टीत बांधामागे पीक सडते. तीन वर्षांत यातले एकच रूप पाहायला मिळाले, तर निष्कर्षही तेवढाच एकांगी निघतो.

निधी मात्र तीन ते पाच वर्षांचाच मिळतो. म्हणून भागीदारी दहा वर्षांची आखायची आणि निधी तुकड्यातुकड्याने आणायचा. पुढचे सगळे यावरूनच ठरते: भागीदार किती, मोजायचे काय, कागद कोणते आणि पैसा कुणाच्या हातात.

पहिल्या बैठकीत शब्दांचे अर्थ ठरवून घ्या. संयुक्त राष्ट्रांचा वाळवंटीकरणविरोधी करार १७ जून १९९४ रोजी पॅरिसमध्ये स्वीकारला गेला आणि २६ डिसेंबर १९९६ पासून लागू झाला. त्याच्या व्याख्येप्रमाणे वाळवंटीकरण म्हणजे शुष्क, निमशुष्क आणि कोरड्या उपआर्द्र प्रदेशांतल्या जमिनीचा ऱ्हास, ज्यामागे हवामानातले चढउतार आणि माणसाचे व्यवहार अशी अनेक कारणे असतात. वार्षिक पाऊस भागिले संभाव्य बाष्पीभवन-उत्सर्जन (जमिनीतून आणि वनस्पतींतून उडून जाऊ शकणारे पाणी) हा निर्देशांक ०.०५ ते ०.६५ च्या दरम्यान असलेली जमीन यात येते. ०.०५ च्या खालचे अतिशुष्क वाळवंट येत नाही. ते आधीपासूनच वाळवंट आहे. एक भागीदार वाळूच्या टेकड्या स्थिर करण्याचे काम डोळ्यांसमोर ठेवून आलेला असतो आणि दुसरा कुरणांचा कस कमी होण्यावर काम करणारा असतो. दोघेही एकच शब्द वापरतात आणि वर्षभराने लक्षात येते की प्रस्तावात दोन वेगळे प्रकल्प शिवलेले आहेत.

मोजमापाची वर्षे नीट निवडली नाहीत तर काय होते, याचे जुने उदाहरण सुदानचे आहे. १९७५ मध्ये ह्यू लॅम्प्रे यांनी १९५८ च्या वनस्पती नकाशाशी तुलना करून सांगितले की १७ वर्षांत वाळवंटाची कड ९० ते १०० किलोमीटर दक्षिणेला सरकली. 'वर्षाला साडेपाच किलोमीटर' हा आकडा पुढे कितीतरी अहवालांत फिरत राहिला. नंतर स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी उपग्रह चित्रे आणि प्रत्यक्ष पाहणी यांच्या आधारे तपासले, तेव्हा असे सलग सरकणे आढळले नाही. १९५८ ची कड पावसाच्या रेषेवरून आखलेली होती आणि १९७५ ची पाहणी मोठ्या दुष्काळाच्या पाठोपाठ झालेली होती. दोन वेगळ्या मापांनी, दोन वेगळ्या प्रकारच्या वर्षांत घेतलेली नोंद एकाच पट्टीवर ठेवली गेली. आजही भागीदारांच्या जुन्या माहितीचे तुकडे जोडताना हीच चूक होते, फक्त आता ती संगणकावर होते.

भागीदार मोजके घ्या. चार संस्था असतील तर आपसातली नाती सहा, बारा असतील तर ६६. प्रत्येक नात्याला ईमेल, हिशोब आणि रुसवेफुगवे असतात. तीन ते पाच संस्थांनी सुरू करावे, बाकीच्यांना दोन वर्षांनी विशिष्ट कामापुरते जोडता येते. त्या पाचांत मातीचे, उपग्रह माहितीचे आणि घरोघरच्या पाहणीचे काम जाणणारे लोक हवेतच. पण जी जागा बहुतेक प्रस्तावांत रिकामी असते ती आहे पशुपालकांची किंवा शेतकऱ्यांची संघटना आणि जमिनीचा कायदा जाणणारा माणूस. नायजर देशात माराडी आणि झिंदर भागांत शेतकऱ्यांनी जमिनीत जिवंत असलेल्या खोडांना फुटलेले कोंब राखून, छाटून, लाखो हेक्टरांवर झाडे परत आणली. हे क्षेत्र सुमारे ५० लाख हेक्टर मानले जाते. तंत्र अगदी साधे होते: एका खोडावरचे मोजके सरळ कोंब ठेवायचे, बाकीचे कापायचे. खरा अडसर मालकीचा होता. झाड सरकारचे समजले जात असताना ते राखण्यात शेतकऱ्याचा काहीच फायदा नव्हता. त्या नियमाची अंमलबजावणी सैल होऊन झाड शेतकऱ्याचे मानले जाऊ लागले, तसे कोंब राखले जाऊ लागले. नुसती माती तपासणाऱ्या चमूला हे कारण कधीच सापडले नसते.

देशाच्या पातळीवर आणखी दोन माणसांना लवकर भेटा. वाळवंटीकरण कराराचा प्रत्येक सदस्य देश एक राष्ट्रीय समन्वय अधिकारी आणि एक विज्ञान-तंत्रज्ञान प्रतिनिधी नेमतो. देशाचा अहवाल दर चार वर्षांनी सादर होतो. त्यात शाश्वत विकास उद्दिष्टांपैकी १५.३.१ हा निर्देशक असतो: एकूण जमिनीपैकी ऱ्हास झालेली जमीन किती. तो भूआच्छादन, जमिनीची उत्पादकता आणि मातीतला सेंद्रिय कर्ब या तीन उपनिर्देशकांवर काढतात, तुलनेसाठी २००० ते २०१५ हा काळ आधारभूत धरतात, आणि तिन्हींपैकी एक जरी घसरला तरी ती जमीन ऱ्हास झालेली मोजली जाते. देशाकडे स्वतःची माहिती नसेल तर जागतिक संच वापरले जातात, असेल तर ती त्याजागी देता येते. तुमच्या भागीदारीचा धोरणावर परिणाम होण्याची सर्वांत सरळ वाट हीच आहे. त्यासाठी मोजण्याची पद्धत पहिल्या दिवसापासून या चौकटीत बसणारी हवी.

मोजमापाकडे येऊ, कारण घोडे इथेच पेंड खाते. उदाहरण म्हणून मातीतला सेंद्रिय कर्ब घ्या. कर्ब ०.५ टक्के, मातीची घनता घन सेंमीला १.४ ग्रॅम आणि खोली ३० सेंमी असेल, तर हेक्टरी साठा होतो २१ टन (०.५ × १.४ × ३०, दगडगोटे असतील तर त्यांचा वाटा वजा). चांगल्या व्यवस्थापनाने वर्षाला हेक्टरी ०.३ टन वाढ झाली असे धरू. तीन वर्षांत ०.९ टन, म्हणजे जेमतेम चार टक्के. आता एका भागीदाराची प्रयोगशाळा वॉकले-ब्लॅक या रासायनिक पद्धतीने मोजते. या पद्धतीत सरासरी सुमारे ७७ टक्केच कर्ब पकडला जातो, म्हणून निकालाला साधारण १.३ ने गुणायचे असते. समजा, ते गुणायचे राहिले. नोंद झाली १६.२ टन. पुढच्या फेरीत नमुने दुसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेत गेले, तिथे जाळून मोजण्याचे यंत्र आहे, आणि नोंद आली २१ टन. कागदावर ४.८ टनांची वाढ दिसते. सोळा वर्षांत व्हावे ते काम प्रयोगशाळा बदलल्याने झाले!

शुष्क भागात यावर आणखी एक कडी असते. तिथली माती बऱ्याचदा चुनखडीची असते, आणि कॅल्शियम कार्बोनेटच्या वजनात १२ टक्के कर्ब असतो. मातीत ५ टक्के चुना असेल तर असेंद्रिय कर्बच ०.६ टक्के भरतो, सेंद्रिय कर्बापेक्षा जास्त. आम्लाने चुना काढून न टाकता नमुना जाळला, तर यंत्र १.१ टक्के दाखवेल आणि सगळे खूश होतील. ओल्या मातीच्या देशांतल्या प्रयोगशाळांना अशा मातीची सवय नसते, त्यामुळे यंत्र महागडे असूनही आकडा चुकतो.

उपाय स्वस्त आहे. पहिल्या तीन महिन्यांत एकाच जागची १५-२० किलो माती घ्या, सावलीत वाळवा, २ मिमी चाळणीतून गाळा, नीट मिसळून सारखे भाग करा आणि सगळ्या प्रयोगशाळांना पाठवा. चुनखडीची एक आणि बिनचुन्याची एक अशा दोन मात्या घ्या. निकाल आले की मगच कोणती पद्धत, कोणता गुणक आणि कोणती खोली हे एका पानावर लिहून सह्या करा. पुढे दर वीस नमुन्यांमागे याच मातीची एक पुडी क्रमांक बदलून आत सरकवा. प्रयोगशाळा घसरू लागली की लगेच कळते. अन्न व कृषी संघटनेचे जागतिक मृदा प्रयोगशाळा जाळे अशा तुलनात्मक चाचण्या घेते, त्यात नाव नोंदवावे. खोलीबाबत एक इशारा: ० ते ३० सेंमी आणि ० ते २० सेंमी यांचे आकडे नंतर एकमेकांत बदलता येत नाहीत. जागतिक कृषिवनिकी केंद्राची भूऱ्हास पाहणीची चौकट ० ते २० आणि २० ते ५० सेंमी घेते. तिच्यात १०० चौरस किमीच्या जागेत १६ पुंज आणि प्रत्येक पुंजात १० भूखंड, म्हणजे १६० भूखंड असतात. ती वापरायची असेल तर सगळ्यांनी वापरावी.

उपग्रहाचे काम त्यामानाने सोपे, पण एक सापळा सगळीकडे आहे. हिरवेपणा वाढला म्हणजे जमीन सुधारली असे नाही. केनियातल्या बारिंगोत आणि इथिओपियातल्या अफार भागात विलायती बाभळीची झुडपे कुरणांवर पसरली. उपग्रहाला हिरवे दिसते, गुरांना चारा मिळत नाही. म्हणून हिरवळीची आकडेवारी वाचण्याआधी जमिनीवर उभ्या असलेल्या वनस्पतींची यादी हवी, आणि ती यादी गुराखीच बिनचूक देतात. पावसाचा प्रभाव वजा करून उरलेला कल पाहावा, हे तर वेगळे सांगायला नको.

गरिबीची बाजू बहुतेक प्रस्तावांत शेवटच्या दोन परिच्छेदांत कोंबलेली असते, आणि तिथेच सर्वांत जास्त चुका होतात. त्याच घरांकडे पुन्हापुन्हा जाऊन पाहणी करायची, हे बरोबर. पण दुष्काळ पडला की सर्वांत गरीब घरे गाव सोडतात. दुसऱ्या फेरीत ती सापडत नाहीत, उरलेल्यांची सरासरी वर जाते आणि अहवालात गरिबी कमी झाल्याचे दिसते. गेलेल्या घरांचा माग काढण्यासाठी पाहणीच्या खर्चाचा निदान दहावा भाग वेगळा ठेवा, पहिल्याच फेरीत दोन नातेवाइकांचे संपर्क घ्या. फेऱ्या वर्षातून दोनदा हव्यात: एक सुगीनंतर, एक धान्य संपण्याच्या महिन्यांत. फक्त सुगीनंतर गेलात तर भूक दिसणारच नाही.

जनावरांची बेरीजही आधी ठरवा. एका कोष्टकात गाय ०.७, शेळी ०.१ आणि उंट १ धरतात. दुसऱ्यात गाय १, शेळी ०.१ आणि उंट १.४. १० गायी, ४० शेळ्या आणि २ उंट असलेले घर पहिल्या हिशोबाने १३ एककांचे, दुसऱ्याने १६.८ एककांचे. दोन देशांत दोन कोष्टके वापरली तर कोणता देश अधिक गरीब हे कोष्टकच ठरवते. आणि श्रम मोजा, तेही कोणाचे ते लिहून. पश्चिम आफ्रिकेतले 'झाई' खड्डे २० ते ४० सेंमी रुंद, १० ते २० सेंमी खोल, हेक्टरी १२ हजार किंवा त्याहून अधिक असतात. उन्हाळ्यात ते खणणारे हात घरात नसतील तर तंत्र कितीही सिद्ध झालेले असो, त्या घरासाठी ते नाही.

जैवभौतिक आणि आर्थिक माहिती जोडल्याचे चांगले उदाहरण केनियातल्या मार्साबिटचे. तिथे जानेवारी २०१० मध्ये आंतरराष्ट्रीय पशुधन संशोधन संस्था आणि भागीदारांनी पशुधन विमा सुरू केला. चाऱ्याची टंचाई उपग्रहाच्या हरितता निर्देशांकावरून ठरते आणि त्यानुसार भरपाई मिळते. मेलेले जनावर मोजायला कोणी जात नाही, त्यामुळे खर्च वाचतो. त्रुटीही तिथेच आहे: निर्देशांक ठीक आणि तुमच्या गोठ्यातली जनावरे मेलेली, असे होऊ शकते. ही तफावत किती, हे घरोघरच्या पाहणीशिवाय कळत नाही.

आता कागद. यांना सहा ते बारा महिने धरा आणि निधी मंजूर होण्याची वाट न पाहता सुरू करा. माती दुसऱ्या देशात नेताना बहुतेक ठिकाणी आयात परवाना आणि विलगीकरणाचे नियम लागतात. परवाना कोणाच्या नावे काढायचा, प्रयोगशाळेच्या की संशोधकाच्या, हे आधी विचारून घ्या. बियाणे किंवा सूक्ष्मजीव असतील तर जनुकीय साधनांचा वापर आणि त्यातले लाभवाटप यांबद्दलचा नागोया प्रोटोकॉल (१२ ऑक्टोबर २०१४ पासून लागू) बघावा लागतो: आधी माहितीपूर्ण संमती, मग परस्परमान्य अटी. पिकांच्या ठरावीक यादीसाठी वनस्पती जनुकीय संसाधन कराराचा प्रमाणित हस्तांतर करारनामा चालतो. आज आपण फक्त कर्ब मोजणार, म्हणून सूक्ष्मजीवांचा उल्लेख टाळू नका. तीन वर्षांनी कोणीतरी त्याच मातीतून जनुकीय अनुक्रम काढायचे ठरवतोच, आणि मग वरातीमागून घोडे. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग मूळ देशात राहील, हे करारात लिहा.

स्थानिक ज्ञानाबद्दल हूडियाचे प्रकरण लक्षात ठेवण्यासारखे आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या सान लोकांना ही भूक मारणारी वनस्पती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. तिथल्या वैज्ञानिक संशोधन परिषदेने तिच्यातल्या घटकाचे पेटंट घेतले, आणि सानांशी लाभवाटपाचा करार झाला तो २००३ मध्ये, बराच गदारोळ झाल्यावर: परिषदेला संशोधनाचे टप्पे पार झाल्यावर मिळणाऱ्या रकमांचे ८ टक्के, स्वामित्वधनाचे ६ टक्के. २०१७ मध्ये सान लोकांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता काढली. ती छोटी आहे आणि कोणत्याही प्रस्तावापेक्षा स्पष्ट.

माहिती खुली करताना घरांच्या अक्षांश-रेखांशांची काळजी घ्या. आंतरराष्ट्रीय आरोग्य पाहण्यांत बहुतेक ग्रामीण बिंदू ५ किलोमीटरपर्यंत मुद्दाम हलवून प्रसिद्ध करतात. गोपनीयता राहते, पण असा हललेला बिंदू ३० मीटरच्या उपग्रह चित्राशी जोडणे व्यर्थ. म्हणून क्रम उलटा ठेवा: आधी खऱ्या बिंदूवरून पाऊस, हिरवळ, उतार, पाणवठ्याचे अंतर काढून घ्या, ते आकडे पुरेसे ढोबळ करा, मग बिंदू हलवा आणि दोन्ही प्रसिद्ध करा. खरे बिंदू मूळ देशातल्या संस्थेकडे राहतील.

पैशात दोन गोष्टी भागीदारी मोडतात. पहिली, आधी खर्च करा आणि मग परतफेड घ्या ही पद्धत. लहान संस्थेकडे सहा महिन्यांचे पगार देण्याइतकी गंगाजळी नसते. मग पाहणी पुढे ढकलली जाते आणि नेमका हंगाम हुकतो. हंगाम हुकला की वर्ष गेले. अग्रिम रक्कम हप्त्याने, हंगामाच्या निदान दोन महिने आधी पोचेल, असे करारात हवे. दुसरी, अप्रत्यक्ष खर्च, म्हणजे कार्यालय, वीज, हिशोबनीस असा सामायिक खर्च. युरोपीय संघाच्या होरायझन युरोप या संशोधन निधी कार्यक्रमात तो थेट खर्चाच्या २५ टक्के ठोक दराने मिळतो. मुख्य संस्था पूर्ण दर स्वतः घेते आणि स्थानिक भागीदाराला उपकंत्राटदार करून शून्यावर ठेवते, असे होऊ देऊ नका. भागीदार म्हणून नाव असेल तर दर तोच. कोणत्या देशातल्या संस्थेला निधी आपोआप मिळतो आणि कोणाला स्वतःची व्यवस्था करावी लागते, हे प्रत्येक घोषणेत आधी वाचा. एकूण रकमेचा निम्म्याहून अधिक भाग शुष्क प्रदेशाच्या देशात खर्च व्हावा, पाच-सात टक्के चलनदर आणि दुष्काळी वर्षासाठी बाजूला असावेत, आणि पाऊस फसल्यास जादा पैशाविना मुदतवाढ मागण्याचे कलम असावे.

लेखकत्वाचा वाद टाळण्यासाठी योगदानाची चौदा भूमिकांची प्रचलित यादी (CRediT) पहिल्या बैठकीतच भरून ठेवा आणि वर्षातून एकदा उघडा. पाहणी करणारा माणूस फक्त आभारात जाणार असेल, तर पुढच्या फेरीत तो येणार नाही.

शुष्क प्रदेशांत युद्ध आणि सत्तांतर हे जोखमीच्या तक्त्यातले नुसते रकाने नाहीत. कोरडवाहू शेतीसाठी काम करणाऱ्या इकार्डा या केंद्राचे मुख्यालय सीरियात अलेप्पोजवळ होते. युद्धात ते सोडावे लागले. बियाण्यांच्या प्रती नॉर्वेतल्या स्वालबार्डच्या जागतिक बियाणे तिजोरीत आधीच पाठवलेल्या होत्या म्हणून २०१५ मध्ये त्या परत मागवून लेबनॉन आणि मोरोक्कोत संग्रह पुन्हा उभा करता आला. त्या तिजोरीतून बियाणे परत मागवण्याची ती पहिलीच वेळ होती. तुमच्या भागीदारीत माती, माहिती आणि पाहणीच्या मूळ नोंदी दोन देशांत असाव्यात, आणि वर्षातून एकदा दुसरी प्रत उघडून ती वाचता येते का हे कोणीतरी प्रत्यक्ष बघावे.

शेवटच्या वर्षाचा खर्च पहिल्या वर्षीच बांधून ठेवा: भूखंडांच्या कोपऱ्यांतले लोखंडी खुंट, त्यांची नोंदवही, मातीच्या बरण्या ठेवायची कोरडी खोली आणि पर्जन्यमापक वाचणाऱ्याचे मानधन. निधी संपल्यावर दोन वर्षे एवढेच चालू राहिले, तर पुढचा प्रस्ताव त्याच जागेवर, त्याच मोजमापाने, पाचव्या वर्षापासून पुढे सुरू करता येतो.